पडद्यावरची माणसं, मनातली नाती

'सेकंड लीड सिंड्रोम' म्हणजे काय, हे कोरियन मालिका पाहणाऱ्यांना वेगळं सांगावं लागत नाही. न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, मालिकेत नायिकेवर दोघांचं प्रेम असतं. त्यातल्या कुणाशी तिचं जुळणार, हे पहिल्या-दुसऱ्या भागातच कळून चुकतं. तरीही प्रेक्षकाचा जीव अडकतो तो दुसऱ्यातच. 'स्टार्ट-अप' (२०२०) या मालिकेत नायिकेसाठी नाम दो-सान योग्य की हान जी-प्योंग, यावरून चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. 'रिप्लाय १९८८'मध्ये नायिकेचा भावी नवरा कोण, हे शेवटपर्यंत लपवून ठेवलं होतं. ती मालिका जानेवारी २०१६मध्ये संपली, पण दोन मैत्रिणी भेटल्या की तो वाद आजही नव्याने सुरू होतो.

नावात 'सिंड्रोम' असला, तरी हा आजार नाही. वैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात त्याची नोंद नाही आणि त्यावर औषधाचीही गरज नाही. मात्र कधी न भेटलेल्या, मुळात अस्तित्वातच नसलेल्या माणसासाठी आपल्याला खरंखुरं वाईट वाटतं, घशात आवंढा येतो, झोप उडते, ही गोष्ट विज्ञानाने गंभीरपणे घेतली आहे. टाळेबंदीच्या वर्षात, म्हणजे २०२०मध्ये, भारतात कोरियन मालिका पाहण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांहून अधिक वाढल्याचं नेटफ्लिक्सने सांगितलं होतं. आता या मालिका कॉलेजच्या मुलींपुरत्या राहिलेल्या नाहीत. घरातल्या आईपासून बँकेतल्या सहकाऱ्यापर्यंत कुणीही त्यांच्याबद्दल भरभरून बोलताना दिसतं. त्यामुळे त्यांचा मनावर, झोपेवर आणि आजारांविषयीच्या आपल्या समजुतींवर काय परिणाम होतो, हे पाहायला हवं.

एकतर्फी ओळख

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी संशोधकांनी 'सायकियाट्री' या नियतकालिकात एक लेख लिहिला. तेव्हा दूरचित्रवाणी नवी होती. कॅमेऱ्यात थेट पाहून बोलणारे निवेदक प्रेक्षकांना घरच्यासारखे वाटू लागले होते. प्रेक्षक त्यांना ओळखतो, त्यांच्या सवयी जाणतो, त्यांची काळजी करतो. पण समोरच्याला प्रेक्षकाचं नावही ठाऊक नसतं. या एकतर्फी नात्याला त्यांनी 'पॅरासोशल' हे नाव दिलं. पुढे मालिकांतली पात्रं, खेळाडू, गायक यांच्याशी जडणाऱ्या नात्यांनाही हाच शब्द लागू झाला.

असं नातं जडणं हे मनाच्या दुबळेपणाचं लक्षण नाही. माणसाचा मेंदू लाखो वर्षं खऱ्या चेहऱ्यांमध्ये घडला. एखादा चेहरा रोज दिसतो, त्याचा आवाज कानावर पडतो, त्याची दुःखं कळतात, म्हणजे तो आपल्या माणसांपैकी आहे, हा हिशेब मेंदूत पक्का बसलेला आहे. 'हे सगळं खोटं आहे' असं बुद्धी सांगत असते, पण भावना तिची परवानगी घ्यायला थांबत नाही.

सेकंड लीडचं कोडंही इथे थोडं उलगडतं. त्याचं दुःख नायिकेला दिसत नाही, आपल्याला दिसतं. तिच्यासाठी छत्री ठेवून तो मागच्या मागे निघून जातो, त्या वेळी साक्षीला फक्त आपण असतो. एखाद्याचं गुपित आपल्या एकट्याला ठाऊक असलं, की त्याच्याविषयी जवळीक वाटतेच. त्यात कॅमेरा त्याचा चेहरा इतक्या जवळून दाखवतो, की तेवढ्या अंतरावरून आपण फक्त घरच्यांचेच चेहरे पाहतो.

या नात्याचा फायदाही होतो. जेय डेरिक, शिरा गेब्रियल आणि कर्ट ह्युगनबर्ग यांच्या २००९ सालच्या अभ्यासात असं दिसलं, की एकटेपणा जाणवत असताना लोक आवडत्या मालिकेकडे वळतात आणि तिच्या सहवासात तो एकटेपणा काहीसा कमी झाल्यासारखा वाटतो. नोकरीसाठी परगावी एकटं राहणाऱ्या तरुणाला किंवा मुलं परदेशी गेलेल्या जोडप्याला हे समजावून सांगायची गरज नाही.

मालिका संपल्यावर येणाऱ्या रितेपणाचाही अभ्यास झाला आहे. 'फ्रेंड्स' ही अमेरिकी मालिका २००४मध्ये संपली, तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन यांनी प्रेक्षकांना गाठलं. आवडत्या पात्रापासून दुरावल्याचं दुःख खरंच होतं, मात्र खऱ्या नात्यातल्या ताटातुटीपेक्षा ते सौम्य होतं. पात्राशी नातं जितकं घट्ट, तितकं दुःख अधिक. एकटेपणा जास्त असणाऱ्यांनाही ते अधिक जाणवलं. तेव्हा शेवटचा भाग पाहून दोन दिवस उदास वाटलं, तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ही उदासी आठवडेच्या आठवडे रेंगाळली, कामात लक्ष लागेनासं झालं, जेवणखाण आणि झोप बिघडली, तर मात्र कारण मालिकेच्या बाहेर शोधायला हवं.

पात्रांनी घरात आणलेले विषय

कोरियन मालिकांनी गेल्या काही वर्षांत एक मोठं काम केलं आहे. ज्या आजारांविषयी आपण दार लावून बोलतो, त्यांना त्यांनी दिवाणखान्यात आणलं.

'एक्स्ट्राऑर्डिनरी अटर्नी वू' (२०२२) या मालिकेची नायिका वू यंग-वू स्वमग्न आहे आणि वकील आहे. पार्क उन-बिन या अभिनेत्रीने ती साकारली. कोरियात पहिल्या भागाला जेमतेम ०.९ टक्के प्रेक्षक होते, सोळाव्या भागापर्यंत ते १७.५ टक्क्यांवर गेले. गोंगाट सहन होत नाही म्हणून कानावर हेडफोन लावणं, रोज तोच किंबाप खाणं, गोल फिरणाऱ्या दारातून जाताना अडखळणं, देवमाशांचा विषय निघाला की भान विसरणं, या बारीकसारीक गोष्टींतून स्वमग्नता म्हणजे काय, हे लाखो लोकांना कळलं.

पण इथेच एक सावधगिरी हवी. वू यंग-वूची स्मरणशक्ती अफाट आहे. कायद्याची कलमं तिला तोंडपाठ आहेत. अशी असामान्य क्षमता स्वमग्न व्यक्तींपैकी थोड्यांमध्येच असते. जुन्या अंदाजानुसार साधारण दहांत एकामध्ये. जगात सव्वाशे व्यक्तींमागे साधारण एक स्वमग्न असते आणि त्यांच्या गरजा एकमेकांपासून फार वेगळ्या असतात. कुणी स्वतंत्रपणे नोकरी करतं, तर कुणाला आयुष्यभर बोलता येत नाही. मालिका संपवून शेजारच्या स्वमग्न मुलाच्या आईला 'मग याच्यात काय खास आहे?' असं विचारणं तिच्या जिव्हारी लागू शकतं. मालिकेच्या लेखिकेला याची जाण होती, हे विशेष. तिसऱ्या भागात एका स्वमग्न तरुणावर खटला चालतो. त्याची आई यंग-वूला पाहून मनातली तुलना लपवू शकत नाही. बहुतेक मुलं माझ्या मुलासारखी असतात, तुझ्यासारखी नाही, हे तिचं दुःख मालिकेनेच बोलून दाखवलं आहे.

'इट्स ओके टू नॉट बी ओके' (२०२०) पाहणारे सहसा नायक-नायिकेबद्दल बोलतात. आरोग्याच्या दृष्टीने त्यातलं महत्त्वाचं नातं मात्र दोन भावांचं आहे. थोरला मून सांग-ते स्वमग्न आहे आणि धाकटा गांग-ते लहानपणापासून त्याला सांभाळतो आहे. आजारी माणसाची चौकशी सगळे करतात, सांभाळणाऱ्याची कुणी करत नाही. सतत जबाबदारी वाहणाऱ्याला येणारा थकवा, त्या थकव्याची वाटणारी लाज आणि 'मला माझं आयुष्य हवं' हा विचार आल्याबद्दलचा अपराधी भाव, हे सगळं या पात्रात आहे. सांग-तेची भूमिका करणाऱ्या ओ जंग-से यांना २०२१मध्ये बेकसांग पुरस्कार मिळाला.

'अवर ब्लूज' (२०२२) त्याच्याही पुढे गेली. त्यात डाउन सिंड्रोम असलेल्या बहिणीची भूमिका जंग उन-हे या स्वतः डाउन सिंड्रोम असलेल्या चित्रकर्तीने केली. त्याच मालिकेत शिन मिन-आ हिने नैराश्यग्रस्त आईची भूमिका केली आहे. नैराश्य म्हणजे खूप दुःख, असा आपला समज. मालिकेत मात्र ती बसल्या जागी थिजते, दिवस कधी मावळला हे तिला कळत नाही, अंग ओलंचिंब झाल्यासारखं जड होतं. 'जरा बाहेर पड, बरं वाटेल' हा सल्ला अशा माणसाला का उपयोगी पडत नाही, हे त्या काही मिनिटांत समजतं.

'डेली डोस ऑफ सनशाइन' (२०२३) तर मनोविकार कक्षातच घडते. एका माजी परिचारिकेच्या चित्रकथेवर ती आधारलेली आहे. नायिका जंग दा-उन (पार्क बो-यंग) मनोविकार कक्षातली परिचारिका आहे आणि पुढे तीच नैराश्याची रुग्ण होते. बरी होऊन कामावर परतल्यावर रुग्णांचे नातेवाईक तिच्या असण्याला हरकत घेतात. इतरांना धीर देणाऱ्यालाही हा आजार होतो आणि बरं झाल्यावरही समाज शिक्का पुसत नाही, या दोन्ही गोष्टी आपल्याकडेही तितक्याच खऱ्या आहेत.

अशा पात्रांवरच्या गप्पांचा उपयोग इथे होतो. 'मला काही सुचेनासं झालंय' हे वाक्य घरात बोलणं अवघड असतं. 'त्या मालिकेतल्या तिच्यासारखं मला होतं' हे त्यामानाने सोपं. कुणी असं सहज बोलून गेलं, तर हसण्यावारी न नेता पुढचा प्रश्न विचारावा.

छातीतली आग

कोरियन मालिकांतलं एक दृश्य आपल्याला विनोदी वाटतं. मुलाने नको त्या मुलीशी लग्न ठरवलं, की आई कपाळाला पांढरी पट्टी बांधून अंथरूण धरते, छाती बडवते, 'आतून जळतंय' म्हणते. यामागे कोरियन समाजात शतकानुशतकं ओळखीचा असलेला एक विकार आहे. त्याचं नाव ह्वाब्योंग. 'ह्वा' म्हणजे आग आणि 'ब्योंग' म्हणजे आजार. वर्षानुवर्षं गिळलेला राग आणि अन्याय शरीरातून बाहेर पडतो. अंगाची लाही होते, छातीवर दडपण येतं, पोटाच्या वरच्या भागात गोळा अडकल्यासारखा वाटतो, झोप लागत नाही. मध्यमवयीन स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४च्या आपल्या निदान-पुस्तिकेत, विशिष्ट संस्कृतीशी निगडित विकारांच्या यादीत त्याची नोंद घेतली होती.

मराठी घरांना हे वर्णन परकं वाटू नये. 'डोक्यात आग आगच होते', 'छातीत काहीतरी अडकलंय' असं सांगत वर्षानुवर्षं वेगवेगळ्या तपासण्या करून घेणाऱ्या आणि सगळे अहवाल नॉर्मल येणाऱ्या कितीतरी स्त्रिया आपल्याकडे आहेत. त्यांना 'काही झालेलं नाही' म्हणणं चूक आहे. तपासणीत दिसत नाही, पण त्रास खरा असतो. फक्त क्रम पाळावा. छातीवर दडपण, घाम, धाप अशी लक्षणं असतील, तर आधी हृदयाची तपासणी. स्त्रियांमध्ये हृदयविकाराची लक्षणं काही वेळा ठळक नसतात. शरीराचा आजार नाही याची खात्री झाली, की मग मनाकडे वळावं.

नाकातलं रक्त आणि हरवलेली स्मृती

काही बाबतींत मात्र या मालिकांनी वैद्यकशास्त्राला बरंच ताणलं आहे. 'विंटर सोनाटा' (२००२) या गाजलेल्या मालिकेत अपघातानंतर नायक स्वतःची ओळखच विसरतो. पुढे हा प्रकार इतक्या मालिकांत आला, की चाहतेच आता त्याची थट्टा करतात. प्रत्यक्षात डोक्याला मार लागल्यावर बहुधा अपघाताच्या आसपासचा काळ आठवत नाही आणि काही दिवस नव्या गोष्टी लक्षात राहत नाहीत. बाकी सगळं शाबूत असताना फक्त नाव-गाव विसरणं फार दुर्मीळ असतं आणि तसं झालं, तर कारण बहुतेक वेळा मानसिक आघात असतो. डोक्याला दुसरा मार बसून स्मृती परत येत नाही. दुसऱ्या माराने इजा वाढते.

नाकातून रक्त आलं, की मालिकेत एक तर अतिश्रम असतो किंवा रक्ताचा कर्करोग. प्रत्यक्षात बहुसंख्य वेळा नाकाच्या पुढच्या भागातली नाजूक रक्तवाहिनी कोरड्या हवेने किंवा नाक कोरल्याने फुटलेली असते. अशा वेळी मान मागे टाकू नये. रक्त घशात जातं. बसून थोडं पुढे वाकावं आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबून धरावा. रक्त वीस मिनिटांनंतरही थांबलं नाही, वारंवार येऊ लागलं, किंवा सोबत अंगावर काळेनिळे डाग, ताप, अशक्तपणा असेल, तर डॉक्टरांकडे जावं.

'एकच भाग' आणि पहाटेचे तीन

कोरियात मालिकेचे आठवड्याला साधारण दोन भाग दाखवले जातात. सोळा भागांना आठ आठवडे लागतात. प्रत्येक भाग ऐन उत्कंठेच्या क्षणी तोडलेला असतो, कारण प्रेक्षकाने पुढच्या आठवड्यात परत यायचं असतं. आपण मात्र पूर्ण झालेली मालिका पाहतो आणि आठवडाभर पुरावी म्हणून रचलेली उत्कंठा काही सेकंदांत सुरू होणाऱ्या पुढच्या भागाने भागवतो. एक भाग सरासरी ६५ मिनिटांचा धरला, तर सोळा भागांचे सतरा तासांहून अधिक होतात. ते तीन रात्रींत बसवायचे, तर कापली जाते ती झोप.

अर्धवट राहिलेलं काम मनाला स्वस्थ बसू देत नाही. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये संशोधन करणाऱ्या मारिया ओव्हसियांकिना यांनी दाखवलं होतं, की मध्येच थांबवलेलं काम माणसं संधी मिळताच स्वतःहून पुन्हा हातात घेतात. भागाचा शेवट नेमकं हेच साधतो.

झोप बिघडते ती फक्त पडद्याच्या प्रकाशाने, असं आपण मानतो. बेल्जियममध्ये १८ ते २५ वयाच्या ४२३ जणांवर झालेला एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. सलग भाग पाहणाऱ्यांची झोप निकृष्ट होती. त्याचं मुख्य कारण होतं, झोपण्यापूर्वी जागं राहिलेलं मन. पडदा बंद झाला, तरी डोक्यात गोष्ट चालूच राहते. प्रौढांना रोज किमान सात तास झोप हवी. ती सतत कमी पडली, तर रक्तदाब, रक्तातली साखर, वजन आणि मनःस्थिती यांवर परिणाम होतो.

यावर एक साधा उपाय करून पाहण्याजोगा आहे. भाग संपल्यावर थांबायचा प्रयत्न करू नका, भागाच्या मध्यावर थांबा. आदल्या भागातला पेच पुढच्या भागाच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सुटतो आणि नवा पेच शेवटी पडतो. मधल्या टप्प्यात उत्कंठा सगळ्यांत कमी असते. तिथे पडदा बंद करणं सोपं जातं. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोयही बंद करून ठेवावी.

पात्र संपतं, कलाकार उरतो

चाहतेपणाची सगळ्यांत नाजूक बाजू इथे आहे. पात्राशी जुळलेलं नातं आपण नकळत कलाकारावर चढवतो. 'माय मिस्टर' (२०१८)मधला पार्क दोंग-हून हा थकलेला, सोशिक, भला माणूस जगभरच्या प्रेक्षकांना आधार वाटला. ती भूमिका करणारे ली सन-क्युन यांचा २७ डिसेंबर २०२३ रोजी मृत्यू झाला. त्या वेळी अमली पदार्थांच्या आरोपावरून त्यांची पोलीस चौकशी सुरू होती. तपासण्यांत अमली पदार्थ आढळले नव्हते, तरी चौकशीचा तपशील रोज बाहेर येत होता आणि चर्चेला ऊत आला होता. त्यानंतर जानेवारी २०२४मध्ये 'पॅरासाइट'चे दिग्दर्शक बोंग जून-हो आणि इतर कलावंतांनी पुढे येऊन या प्रकाराच्या चौकशीची मागणी केली.

दक्षिण कोरियात आत्महत्येचं प्रमाण ओईसीडी गटातल्या देशांत सर्वाधिक आहे. प्रसिद्ध व्यक्तीच्या अशा मृत्यूच्या सविस्तर, भडक बातम्यांनंतर समाजात असे मृत्यू वाढतात, हे डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४मध्ये मांडलं. कोरियातल्या अभ्यासांतही ते दिसलं. याची दुसरी बाजूही आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की संकटात सापडलेला माणूस आधार शोधून त्यातून कसा बाहेर आला, अशा कथा वाचनात आल्या, तर उलट मृत्यू कमी होण्याशी त्यांचा संबंध दिसतो. म्हणून अशा घटनेनंतर चाहत्यांनी काय बोलावं, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. तपशील पसरवू नयेत, कारणांचे तर्क लढवू नयेत. आपल्यात कुणी खचलं आहे का, हे पाहावं.

कोरियाने शेरेबाजीवर एक ठोस पाऊल उचललं. गायिका-अभिनेत्री सुली हिच्या ऑक्टोबर २०१९मधल्या मृत्यूनंतर दाउम या मोठ्या संकेतस्थळाने त्याच महिन्यात आणि नावेरने मार्च २०२०मध्ये, मनोरंजनाच्या बातम्यांखाली प्रतिक्रिया लिहिण्याची सोयच बंद केली. कलाकाराचं वजन, चेहरा, प्रेमप्रकरण यांवर लिहिताना 'एवढ्या मोठ्या माणसाला माझ्या एका ओळीने काय होणार' असं प्रत्येकाला वाटतं. वाचणाऱ्यासमोर मात्र त्या हजारो ओळी एकदम येतात.

मालिका पाहाव्यात, सेकंड लीडसाठी रडावं, मैत्रिणीशी हिरिरीने भांडावंही. त्यात मनाचा विरंगुळा आहे आणि माणसं समजून घेण्याचा सरावही आहे. फक्त अधूनमधून काही गोष्टी तपासाव्यात. झोप सात तास होते आहे ना? पात्रांबद्दल जितकं बोलतो, तितकं घरच्यांशी स्वतःबद्दल बोलतो ना? पडद्यावरची माणसं खऱ्या माणसांच्या जोडीला आहेत, की त्यांच्या जागी बसली आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अस्वस्थ करणारं असेल, मन सतत खिन्न असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वाट पाहू नये. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास निःशुल्क उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. पडद्यावरच्या पात्राला आपलं म्हणणं ऐकू जात नाही. या क्रमांकावर ऐकणारं खरं माणूस असतं.